गिरणीत उतरलेला धूमकेतू

शेवगावचा आसाराम तीस वर्षं गिरणी चालवतोय आणि तीस वर्षं शपथेवर सांगतोय, की माझ्याकडे गव्हाच्या पिठात आधीच्या गिऱ्हाइकाची बाजरी येत नाही. रतनबाई दर आठवड्याला दळण नेताना पीठ हुंगते आणि भांडते.

परवा त्याची लेक पूजा गिरणीत सांगत होती, “एका अंतराळयानानं धूमकेतूची धूळ आणली. प्रयोगशाळेत बघितली, तर सूर्यापासून लांब, थंडगार कडेला बनलेल्या त्या बर्फाच्या गोळ्यात सूर्याजवळच्या भट्टीतले कण निघाले! सूर्यमाला बनताना सगळं घुसळलं गेलं होतं.”

आसाराम उसळला, “ऐका रतनबाई! देवाच्या गिरनीत बी मिसळतंय, अन् तुमी माझ्याशी भांडता!”

रतनबाईनं डबा खाली ठेवला. “म्हंजी तुज्या गिरनीत मिसळतं, व्हय ना?”

रांगेतल्या साऱ्या बाया वळल्या. आसारामनं घाईघाईनं गिरणी सुरू केली. तिच्या घरघराटात त्याला काही ऐकू येत नाही.