रुखवतातलं बिस्किटांचं इंजिन

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात रुखवत मी एकटीनं केलं आणि त्या रुखवतानं अख्खा मांडव उपाशी बसवला. हे मीच आधी सांगून टाकते. नाहीतर आमच्या घरात कुणीही ही गोष्ट सांगायला घेतं, त्यात स्वतःचा मीठमसाला घालतं, आणि शेवटी बोट माझ्याकडंच येतं.

आम्ही ताडकळसचे. बहिणीला मी आक्का म्हणायची. आक्का बोलायचीच नाही. म्हणजे तोंड होतं, पण उघडायची ते जेवायला. पाहुणे बघायला आले की हळूच विचारायचे, "मुलीला बोलता येतंय न्हवं?" मग मी पडद्यामागून म्हणायची, "येतंय की! बोलण्यासारखं काही दिसलं म्हंजी बोलंल." माझ्या ह्या जिभेपायी दोन स्थळं गेली असं आईचं म्हणणं. मला विचाराल तर एक त्यांच्या पायगुणानं गेलं, आणि दुसरं गेलं ते बरंच झालं.

तिसरं स्थळ पूर्ण्याचं. मुलगा रेल्वेत फायरमन. तेव्हा पूर्ण्याला कोळशाची इंजिनं होती, त्यात फावड्यानं कोळसा टाकायचा ही त्याची नोकरी. बघायला आला तेव्हा नखं एवढी घासून आला होता की बोटं लाल झाली होती. आक्काला तेच आवडलं असणार, कारण त्या दिवशी तिनं मान हलवली.

सगळं जुळलं. पण नवरदेवाची आत्या! ती बाई लोकांना नावं ठेवण्यात पटाईत. आणि नावं ठेवायची म्हणजे खरोखरच ठेवायची, एकदा ठेवलेलं नाव जन्मात पुसायचं नाही. आमची एक चुलत बहीण पालमला त्यांच्याच नात्यात दिलेली. तिच्या रुखवतात लोकरीचा मोर होता. मान जरा आखूड झाली होती बिचाऱ्याची. आत्यानं त्याच्याकडं बघून म्हटलं, "कोंबडी झाक केली गं!" झालं. तिला दोन लेकरं झाली, सासरा वारला, नवऱ्यानं दुकान काढलं, तरी अख्ख्या पालममध्ये ती कोंबडीवाली ती कोंबडीवालीच.

साखरपुडा झाला त्या दुपारी आक्का माझ्याजवळ येऊन बसली आणि तिच्या मानानं मोठं भाषण केलं. "माझं तसलं नाव पडू देऊ नको गं. तुझ्यासारखं भांडता येत न्हाई मला. एकदा पडलं की जन्मभर ऐकून घ्यावं लागंल."

मी तिचा हात धरून म्हटलं, "आक्का, तुझ्या रुखवताला कुणी हसलं तर मी नावाची न्हाई."

आता ह्या शपथेला आधार काय? तर आदल्याच वर्षी परभणीला मावशीकडं राहून मी आठ दिवसांचा केक-आयसिंगचा क्लास केला होता. आमच्या अख्ख्या गावात तेव्हा केक कुणी पाहिला नव्हता. दहावीत गणितात आपटल्यावर पोरीला काहीतरी हातकाम यावं म्हणून मला तिकडं धाडलं होतं. क्लासच्या बाईंनी आम्हाला बिस्किटांच्या भिंती उभ्या करून, आयसिंगनं सांधून, वर रिबिन बांधून एक बंगला करून दाखवला. मी तो एकदा पाहिला. एकदाच. तेवढ्यावर मी ठरवलं की आक्काच्या रुखवतात बिस्किटांचं कोळशाचं इंजिन ठेवायचं, चाकं, धुराडं, मागं दोन डबे सगळ्यासकट. मोराची मान आखूड होते, इंजिनाला मानच नसते.

पुठ्ठ्याचे साचे कापले. मैदा, डालडा, साखर डब्यांत भरली आणि बसनं पूर्ण्याच्या बेकरीत गेले. तेव्हा सामान आपण न्यायचं, भाजून ते द्यायचे. बेकरीवाले चाचा साचे उलटेसुलटे करत राहिले. "क्या बेटी, बिस्कुट बनारी के मकान बांदरी?"

"इंजिन हाय चाचा. सपाट पायजे. फुगू देऊ नका."

"हौ हौ, फिकर नक्को."

फिकर नक्को म्हणाले आणि हाताच्या सवयीनं सोडा घातला. इंजिनाच्या भिंती फुगून उशा झाल्या. वर प्रत्येक तुकड्याच्या मधोमध प्रेमानं एकेक चारोळी! मी तिथंच थयथयाट केला. चाचा म्हणाले, "बेटी, दिखने कू भी अच्छा लगना ना." घरी आणून मी एकेक भिंत खोबऱ्याच्या किसणीवर घासून सपाट केली. निघालेला चुरा आमच्या घरात आठ दिवस दुधात कालवून खाल्ला. शेवटी शेवटी दादा, म्हणजे आमचे वडील, ताट पुढं आलं की विचारायचे, "आज इंजिनाचा कोणता भाग हाय?"

खरी पंचाईत पुढंच होती. आयसिंगला पिठीसाखरेत अंड्याचा पांढरा बलक लागतो. आमच्या घरात अंडं म्हटलं तरी आई चूल सारवायला घ्यायची. मी नुसत्या पाण्यात पिठीसाखर कालवून पाहिली, तर वैशाखाच्या उन्हात भिंती घसरून एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग माझं लक्ष फडताळातल्या डिंकाच्या डब्याकडं गेलं. आमच्याच बांधावरच्या बाभळीचा डिंक, बाळंतिणीच्या लाडवांसाठी ठेवलेला. मी डोकं चालवलं. डिंकानं बाळंतिणीची कंबर बळकट होते, तर इंजिनाची का नाही होणार? आणि चमच्यानं एवढी होते, तर वाटीनं केवढी होईल!

वाटीभर घातला. पुन्हा मनाला वाटलं, रेल्वेचं काम आहे, कमी पडायला नको. आणखी एक वाटी घातली.

काय चिकटलं म्हणता! मेंदीसारखे कागदाचे कोन करून सांधे भरले. साखर करपवून काळा रंग केला आणि इंजिनाला वरून तीन हात दिले. चाकं गोल नानकटाईची, चारोळ्या मधोमध होत्याच, त्या आसासारख्या शोभून दिसल्या. चाचांना मनातल्या मनात माफ केलं. धुराड्यावर आमच्या रानातल्या कापसाचा धूर लावला. शाळेतल्या माझ्या दोन वेण्यांच्या लाल रिबिनी धुवून, तांब्यानं इस्त्री करून इंजिनाच्या गळ्यात घातल्या आणि पुढं फूल बांधलं. मुंग्या लागू नयेत म्हणून पाण्याच्या परातीत पाट ठेवला, त्यावर इंजिन. पण मुंग्या परातीच्या काठापर्यंतही आल्या नाहीत. खरं म्हणजे मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. साखरेला मुंगी येत नाही म्हणजे मुंगीला काहीतरी कळलं असणार.

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडलं आणि इंजिनाभोवती ही गर्दी! नवरदेवाचे रेल्वेतले दोस्त तर वाकून वाकून तपासायला लागले. एक चाकं मोजायलाय, एक म्हणतोय, "बफर न्हाई ह्याला," दुसरा म्हणतोय, "धुराडं आपल्यावाल्यापेक्षा सरळ हाय." खुद्द आत्या आली. डोळे बारीक करून इंजिनाच्या चारी बाजूंनी फिरली. तिला काहीच सापडेना! तिचं तोंड असं झालं जणू कुणी पानातून तिचा काथ काढून घेतलाय. मुंडावळ्यांच्या आडून आक्कानं माझ्याकडं बघितलं आणि मी तिला लांबूनच, जिंकलो, अशी मान हलवली.

अक्षता पडल्या. पंगतीची पानं मांडली. मी पण भुकेली होते. तेवढ्यात आत्यानं हात वर केला. "थांबा! आमच्या घरची रीत हाय. रुखवतातली सगळ्यात मोठी खायची वस्तू नवरदेवानं हातानं मोडायची, एक घास खायचा, एक नवरीला भरवायचा. त्याशिवाय आमचा कुणी पानावर बसत न्हाई."

मी दादांकडं बघितलं. दादा मांडवाच्या कापडाकडं बघायला लागले. बोलणी झाली त्या दिवशीच त्यांना ही रीत सांगितली होती, आणि घरी येऊन त्यांनी आम्हाला एवढंच सांगितलं होतं, "त्यांच्याकडं रुखवताचं काहीतरी असतंय."

नवरदेवानं धुराडं धरलं आणि मोडायला गेला. मोडेना. दोन्ही हातांनी धरलं. मोडेना. रोज टनावारी कोळसा उपसणारा माणूस, दंडाच्या शिरा टरारल्या, पण धुराडं आहे तिथं. दोस्त मदतीला आले. एकानं डबे धरले, एकानं इंजिन, आणि ओढायला लागले. डबे सुटेनात. "जोडणी पक्की हाय राव," एक जण आदरानं म्हणाला. कुणीतरी नारळ फोडायचा दगड आणला. पहिल्या घावाला दगडाचा टवका उडाला.

सगळी वऱ्हाडी मंडळी रिकाम्या पत्रावळींपुढं बसून हा तमाशा बघत होती. वरण निवायला लागलं होतं. आणि मग आत्याला जे हवं होतं ते सापडलं. तिनं बोटाच्या पेरानं इंजिनावर टकटक केलं. "काय गं बाई, बिस्किटं केली का शहाबादी फरशी बसवली?"

मांडव हसला. कुणीतरी मागून म्हणालं, "फरशीवाली सून आली म्हणायची!" पुन्हा हशा. फरशीवाली, फरशीवाली, असं ह्या पंगतीतून त्या पंगतीत जायला लागलं. आक्काची मान एवढी खाली गेली की मुंडावळ्या मांडीला टेकल्या.

माझ्या डोक्यात जाळ झाला. शहाणपण म्हणून काही असतं ते मला त्या वेळी आठवलं नाही. मी पुढं होऊन ओरडले, "आत्याबाई, इंजिन हाय ते, भजं न्हाई! तुमच्या तोंडात दात न्हाईत त्याला इंजिनानं काय करावं?"

हशा बंद. एकदम. आचाऱ्याचा झाराही थांबला. मुलीकडची पोर, वराच्या आत्याला, भर मांडवात! नवरदेवाच्या काकांनी टोपी उचलली आणि डोक्यावर ठेवली, म्हणजे आता उठणार. आईनं तोंडाला पदर लावला. दादा हात जोडत पुढं निघाले. मला वाटलं, झालं, नाव पडायचं तर पडलंच, आता लग्नही मोडतं की काय. धरणी दुभंगावी असं म्हणतात तसं मला खरंच वाटलं.

"चहात बुडवा."

कोण बोललं ते कुणाला कळेना. सगळे इकडंतिकडं बघायला लागले. मग मुंडावळ्या हलल्या आणि आक्का मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बिस्किटच हाय ते. गरम चहात बुडवा. डिंक इरघळतोय."

काकांनी टोपी काढून परत मांडीवर ठेवली. तुकडा तर सुटा होत नव्हता, मग काय, आचाऱ्यानं चहाचं पातेलंच आणलं आणि नवरदेवानं अख्खं इंजिन धुराड्याकडून त्यात उलटं धरलं. मागचे दोन डबे दोस्तांनी वर तोलून धरले. कापसाचा धूर चहावर तरंगायला लागला. माझ्या रिबिनीनं रंग सोडला. "झालं का?" काका विचारायचे. "थांबा, इंजिन पाणी घ्यायलंय!" दोस्त म्हणायचे. मग एकानं तोंडानं शिटी मारली आणि अख्खा मांडव पोट धरून हसायला लागला. आक्का बघता बघता अशी हसली की खिदळलीच. नवरी खिदळतेय! पाच मिनिटांनी धुराडं मऊ पडून पातेल्यात गळून पडलं. नवरदेवानं ते झाऱ्यानं काढून अर्धं खाल्लं, अर्धं आक्काला भरवलं, आणि पंगत बसली.

आत्यानं एक भिजलेलं चाक मागून घेतलं. बराच वेळ चघळलं. "गोड हाय," म्हणाली. मग आक्काकडं बघून, "पोरगी बोलती की. आन् कामाचं बोलती." आणि मग माझ्याकडं बोट केलं. "फरशीवाली ही न्हाई. फरशीवाली ती."

झालं, शिक्का बसला.

पाठवणीच्या वेळी मी आक्काच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडले. म्हटलं, "कुणी हसणार न्हाई म्हणले होते मी. समदा मांडव हसला गं."

"हसू दे की," आक्का माझ्या कानात म्हणाली. "माझं कुठं नाव पडलं? तुझं पडलं." आणि तिला परत हसू फुटलं. आई तिला मागून चिमटे काढायला लागली, "अगं रड की मेले, रड! लोक काय म्हणतील!" पण ती हसतच गाडीत चढली. गाडी हलल्यावर खिडकीतून तोंड काढून, तेवढ्या गलक्यात, जी आयुष्यात कधी ओरडली नव्हती ती ओरडली, "तू भांडलीस म्हणून मला बोलता आलं गं!"

अजून पूर्ण्याला तिच्या दारात पाय ठेवला की पोरं आत ओरडत जातात, "आई, फरशीवाली मावशी आली!" सगळं घर मला त्याच नावानं हाक मारतं. एकटी आक्का मला माझ्या नावानं बोलावते, आणि आधी चहा ठेवते.