रेसच्या गाडीची झांकी

मिलच्या फाटकाला कुलूप लागलं, तरी अनंत चतुर्दशीला मिलची झांकी निघायचीच. इंदूरच्या मिलवाल्यांचा हट्टच तो! पगार गेला, भोंगा गेला, पण ट्रकवर देखावा सजवून मिरवणुकीत आपल्या मिलचं नाव झळकलं पाहिजे म्हणजे पाहिजेच. आणि झांकीत जे जे हलायचं, कृष्णाचा हात म्हणा, कालियाचा फणा म्हणा, ते सगळं पंढरीनाथ फिटरचं काम.

त्या वर्षी मात्र चंदा कुणी देईना. मंडळाचे अध्यक्ष कृष्णराव आणि पंढरीनाथ दुकानं पालथी घालत बड्या गणपतीपाशी अश्विनच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात शिरले. कॉलेजातली एक मुलगी खुर्चीत बसून स्टिअरिंग फिरवत होती आणि पडद्यावर रेसची गाडी सुसाट सुटली होती. पंढरीनाथ वाकून बघायला लागला. गाडी होती तिथंच होती, पळत होता तो रस्ता. हात्तिच्या, ही तर आपलीच युक्ती! कृष्णाचा रथ त्यानं असाच पळवला होता, मागं रंगवलेलं कापड फिरवून.

अश्विननं मासिकातले खऱ्या रेसचे फोटो दाखवले. एकाच माणसाची गाडी, चारी चाकं उघडी. अरे, लूनालासुद्धा मडगार्ड असतं, पंढरीनाथला हसूच आलं. एका फोटोत मात्र गाडी थांबलेली आणि सारख्या कपड्यांतली माणसं चाकांवर तुटून पडलेली. मेकॅनिक ते, अश्विन म्हणाला, गेममध्ये त्यांना घेतलेलं नाही. पंढरीनाथ तो फोटो बराच वेळ बघत बसला.

ट्रक, जनरेटर, मोटर सगळं अश्विन देणार होता. अट एकच, झांकी रेसच्या गाडीची. "काका, देव तर सगळेच काढतात. ही काढा, पब्लिक पागल होईल."

मिलचं नाव पुढं राहील ना, एवढंच पंढरीनाथनं विचारलं. का नाही, अश्विन म्हणाला.

मग गडी असा भिडला की जेवणाची शुद्ध राहिली नाही. प्लायवूडची गाडी झाली, कापडाचा रस्ता झाला. गवताचे मेकॅनिक करून त्यांना मिलच्या फिटरांचे खाकी कपडे चढवले. बायको शालिनी म्हणायची, मिल चालू होती तेव्हा एवढे राबला नाहीत.

चतुर्दशीला दुपारी अश्विनची माणसं दुकानाची बोर्डं घेऊन आली. एक पुढं, एक मागं, दोन बाजूंना. मिलच्या पाटीला वीतभर जागा उरली नाही. अश्विन फोनवरही येईना. कृष्णराव म्हणाले, ट्रक त्याचा आहे, अडून बसलास तर काहीच निघायचं नाही. पंढरीनाथचं डोकं फिरलं. मोटरचा पट्टा काढून घ्यावा आणि चालू पडावं, असं शंभरदा मनात आलं. पण गाडी पळताना बघायची होती ना त्याला! तिथंच माती खाल्ली मेल्यानं. परक्याचा हात नको म्हणून पाटी त्यानंच उतरवली.

दिवेलागणीला तो कृष्णपुऱ्याच्या पुलावर गर्दीत जाऊन उभा राहिला. गाडी आली. रस्ता असा पळत होता की लोकांनी शिट्ट्यांनी पूल डोक्यावर घेतला, आणि लाऊडस्पीकरवर दुकानाचं नाव पुकारलं गेलं. पंढरीनाथला लाज वाटली, आणि अभिमानही वाटला, त्याची तर आणखीच लाज वाटली.

शेजारी यमुनाबाई उभ्या होत्या. मिलच्या रीलिंग खात्यात जन्म गेला बाईंचा, आणि मिलच्या झांकीपुढं दरवर्षी त्या नारळ फोडायच्या. गाडी समोरून गेली, बाईंनी तिच्याकडं धड बघितलंही नाही. टाचा उंचावून त्या मागून येणारे ट्रक शोधत होत्या.

"पंढरीभाऊ, आपली अजून किती मागं आहे?"

पंढरीनाथनं एकदा गाडीकडं बघितलं.

"आपली यंदा निघाली नाही, बाई."