पाडव्याला फुटलेला डबा

माझ्या थोरल्या भावाला संकल्पांची भारी हौस. रत्नागिरीत आमचा आमरस डब्यांत भरण्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे मागल्या पडवीत दोन चुली, एक अजस्र कढई आणि कथलाचा डाख देऊन झाकणं बंद करणारा एक कारागीर. बाकी सगळा कारखाना दादांच्या तोंडात.

दर दिवाळीच्या पाडव्याला दादा गावातल्या बड्या मंडळींना फराळाला बोलवत आणि पुढल्या वर्षी धंदा कुठवर न्यायचा ते जाहीर करत. एक निवृत्त मामलेदार, दोन वकील आणि दोन-चार बागायतदार. ही मंडळी चकली संपेपर्यंत माना डोलवत आणि विडा तोंडात पडला की उठत. सरलेल्या वर्षाचा विषय कुणी काढलाच, तर दादा म्हणत, "सणाच्या दिवशी गाडलेली मढी उकरू नयेत."

विलायती मालावर बहिष्कार घालायचे ते दिवस होते. 'स्वदेशी आमरस' म्हटलं की मुंबईत उड्या पडतील, असं दादांनी ठरवून टाकलं होतं. वैशाखात डबे भरण्याची घाई उडाली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अहो, झाकण लावल्यावर डबे पुन्हा उकळत्या पाण्यात ठेवायला हवेत ना? कोपऱ्यातले दोन फुगलेत."

"फुगलेत म्हणजे भरपूर भरलेत," दादा म्हणाले. "गिऱ्हाईक खूश होईल."

पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीनं माल मुंबईला गेला. बोटी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पहिल्याच बोटीनं तो परत आला. बंदरावर हमाल पेट्यांना हात लावीनात, इतका आंबूस वास सुटला होता. दादांनी मुंबईच्या व्यापाऱ्याला लबाड ठरवलं आणि पाडव्याची आमंत्रणं धाडली.

त्या पाडव्याला दादा रेशमी कोट घालून उभे राहिले आणि म्हणाले, "येत्या वर्षी आपला आमरस लंडनला!" मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मला राहवलं नाही.

"दादा, तो मुंबईहून परत का आला, ते आधी बघूया."

"माल उत्तमच आहे! आण एक डबा, सगळ्यांसमक्ष फोडतो."

मी आणला. मुद्दाम फुगलेला शोधावा लागला नाही, सगळेच तसे होते. दादांनी सुरीचं टोक झाकणात खुपसलं मात्र, फस्सकन आवाज झाला आणि आंबलेला रस त्यांच्या तोंडावर, कोटावर आणि मामलेदारांच्या पागोट्यावर उडाला. वास असा, की एक वकील फराळाचं ताट उचलून थेट अंगणात गेले. ताट मात्र सोडलं नाही.

दादांनी डोळे पुसले. मला वाटलं, आता तरी हा माणूस क्षणभर गप्प बसेल.

"पत्रा हलका निघाला," ते म्हणाले. "पुढल्या वर्षी पत्रा विलायतेहून मागवू!"

स्वदेशीचा विसर पडायला इतकाच वेळ लागला. आणि मामलेदार, पागोट्यावरून रस ओघळत असताना, म्हणाले, "दूरदृष्टी आहे हो तुमच्याकडे."

दारामागून वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "आधी तोंड धुवा," एवढंच त्या बोलल्या. नवऱ्याला चारचौघांत त्यांनी ऐकवलेलं तेवढंच.

मी त्या दिवशी भागीदारी सोडली. दादांनीही आंबा सोडला आणि साबणाचा ध्यास घेतला. चैत्रात मी आणि वहिनींनी थोडेच डबे भरले, बंद करून पुन्हा उकळले आणि पावसाळाभर नुसते ठेवून दिले. विकायची घाई केली नाही. जे बिघडले ते का बिघडले, हे पाहूनच पुढल्या हंगामाचं ठरवलं. मुंबईच्या त्याच 'लबाड' व्यापाऱ्यानं पुढं वर्षानुवर्षं आमचा माल घेतला.

अशाच एका आश्विनात, कुठला आंबा आंबट निघाला याची आम्ही दोघं ओटीवर चर्चा करत होतो. दादा जाता जाता थबकले.

"झालं रडगाणं सुरू! अशानं माणूस मोठा होत नाही."

वहिनींनी मान वरसुद्धा केली नाही. "भावजी," त्या मला म्हणाल्या, "तो पावसच्या बागेतला आंबा पुढल्या वर्षी नको."