फोन घेणाऱ्याचं लायसन

आमच्या सप्तापूरच्या घरात वरच्या खोलीत एक भाडेकरू राहतो. त्याला दिसत नाही. फोन आला की तो आधी शर्टाची कॉलर नीट करतो आणि मग कन्नडमध्ये "हं, हेळ्री", म्हणजे हं, बोला, असं म्हणतो, जणू बोलणारा समोर येऊन बसलाय.

हुबळीच्या एका फायनान्स कंपनीत ग्राहकांचे फोन घ्यायला माणूस हवा होता, म्हणून तो मुलाखतीला गेला. साहेबांना त्याचं बोलणं आवडलं. पण शेवटी ते म्हणाले, "टू-व्हीलरचं लायसन लागतं."

"फोन घेऊन कुठं जायचं असतं?"

"कुठंच नाही, खुर्चीत बसायचं. पण अट आहे."

"तुमच्याकडं लायसन असेल की. मग मला घरी तरी सोडा."

साहेब इतके ओशाळले की खरंच मोटरसायकल काढून निघाले. वाटेत त्यांचा फोन सारखा वाजायला लागला, तेव्हा त्यांनी तो मागं बसलेल्या याच्या हातात दिला. यानं एका चिडलेल्या ग्राहकाला कन्नडमध्ये समजावत समजावत शांत केलं, तोवर आमचं फाटक आलं.

मी अंगणातच होते. साहेब अगदी मनापासून म्हणाले, "फार छान बोलता हो! तेवढं लायसन काढा, लगेच घेतो तुम्हाला."

ते गेल्यावर त्यानं मला सगळं सांगितलं. मग विचारलं, "अक्का, तुमची स्कूटर मोकळी आहे काय?"

मला हसू आलं. तो मात्र किल्लीसाठी हात पुढं करून उभाच राहिला.