मानेंच्या आंब्यावर माझा अर्ज

हा प्रकार मी कुणाला सांगणार नव्हतो. पण आमच्या गल्लीत तो इतक्या जणांनी इतक्या प्रकारे सांगितलाय, की म्हटलं, निदान तुम्ही तरी तो माझ्या तोंडून ऐका. चहा घ्या, बिस्किट घ्या, आणि हसायचं असेल तर शेवटी हसा. मधेच हसलात तर मी पुढचं सांगणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

आम्ही राहतो बेलापूरला, दिवाळे गावाच्या अलीकडे. बैठी रो-हाऊसेस आहेत. पुढे हातभर अंगण, मागे हातभर अंगण आणि दोन घरांच्या मधे एक भिंत. माझ्या भिंतीपलीकडे माने राहतात, मूळचे लातूरचे. माणूस कसा आहे म्हणाल तर वाईट म्हणायला जागाच नाही, आणि तोच माझा खरा त्रास! अशा माणसाशी भांडायचं तरी कशावरून?

मानेंच्या मागच्या अंगणात, भिंतीला अगदी खेटून, एक आंब्याचं झाड आहे. कलमबिलम काही नाही. बाठ्यातून उगवलेला रायवळ. पण फळ काय लागतं त्याला! चोखायला घेतलं की रस मनगटावरून थेट कोपरापर्यंत जातो, आणि आपण तो पुसायचं सोडून चाटत बसतो.

आता मी कोण? जाधव, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. म्हणजे अस्सल कोकणातला माणूस. आणि मला दर मे महिन्यात आंबे आणून देणार कोण, तर लातूरचा माणूस! तुम्हीच सांगा, रक्त आटेल की नाही?

बरं, नुसते देत नाहीत. आंबे उतरवले की पहिले डझनभर आमच्याच घरी. फाटकातूनच हाक मारतात, "जाधवसाहेब, घ्या! पहिले तुमच्याकडंच आणलो बगा. यंदा गोडी जास्त हाय."

मी हसून घ्यायचो आणि आत येऊन बायकोला म्हणायचो, "मिरवतोय नुसता!"

सुनंदा म्हणायची, "अहो, माणूस आंबे देतोय, नोटीस नाही देत. खा मुकाट्याने."

मी मुकाट्याने खायचो. एका बैठकीत सात. पण प्रत्येक आंब्याबरोबर जळायचो. मानेंच्या घरी पाहुणे यायचे ते आंबे खायला, गल्लीच्या ग्रुपवर फोटो यायचे ते मानेंच्या टोपल्यांचे. 'मानेंचा आंबा, मानेंचा आंबा' ऐकून माझे कान किटले होते. आमच्या मागच्या अंगणात काय होतं? एक कढीपत्ता. त्यालाही कीड लागलेली.

गेल्या मे महिन्यात तर कहर झाला. माझा साडू आला चिपळूणहून. दुपारी जेवताना त्याने मानेंचे चार आंबे हाणले आणि म्हणाला, "जाधव, आमचा हापूस झक मारतो याच्यापुढे!" एवढ्यावर थांबला असता तर मी सोडून दिलं असतं. पण जाताना तो मानेंकडून पिशवीभर आंबे घेऊन गेला. कुठे? चिपळूणला! कोकणात आंबे गेले, आणि तेही लातूरच्या माणसाचे!

त्या दुपारी मला डुलकीसुद्धा लागली नाही. मनाशी ठरवलं, हे झाड जायला पाहिजे.

आता, झाड आपलं असो की शेजाऱ्याचं, पालिकेच्या परवानगीशिवाय त्याला कुऱ्हाड लावता येत नाही, आणि आंब्याला तर नाहीच नाही. म्हणून मी गेलो उद्यान खात्यात आणि रीतसर अर्ज केला. 'झाडाचे मालक : श्री. माने. अर्जदार : त्रस्त शेजारी, श्री. जाधव.' त्रासाची कारणं लिहायला बसलो आणि हात थांबेना. खोड आतून पोखरलेलं आहे. फांद्या आमच्या छपरावर पडण्याच्या बेतात आहेत. मुळांनी भिंतीला तडे गेले आहेत. पाचोळ्यामुळे समस्त रहिवाशांना अतोनात त्रास होतो. आणि शेवटचा मुद्दा, फळं आंबट असून कोणी खात नाही.

हे शेवटचं लिहिताना माझ्याच तोंडाला पाणी सुटलं होतं. तरी लिहिलं!

अर्जासोबत घराचा नकाशा जोडा म्हणाले, तोही जोडला. माझी कल्पना अशी, की साहेब गुपचूप येतील, झाड बघतील, तोडायचा हुकूम देतील आणि कुणाला कळणारही नाही अर्ज कुणी केला ते.

पण तिथली पद्धत वेगळी निघाली. आठ दिवसांनी सकाळीच मानेंची हाक आली, "जाधवसाहेब! बाहेर या की! झाडावर कागद चिकटवलाय बगा कुणीतरी!"

गेलो. खोडावर पालिकेची नोटीस. हे झाड तोडण्यासाठी अर्ज आला आहे, कुणाची हरकत असल्यास आठवड्याच्या आत लेखी कळवावी. अर्जदाराचं नाव मात्र नव्हतं. माझ्या जिवात जीव आला.

बघता बघता अर्धी गल्ली मानेंच्या मागच्या अंगणात जमली. समोरचे खतीब चाचा गल्लीतले सगळ्यात वडीलधारे, आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. ते ओरडले, "कोन हाय रे तो? कुनाच्या डोल्यात खुपला हा आंबा?"

सगळे गप्प. आता मीही गप्प राहिलो असतो तर चाललं असतं ना? पण नाही! मलाच चेव आला. म्हणालो, "चाचा, आपल्या गल्लीतला नसणार. असला माणूस आपल्यात असूच शकत नाही. आणि मी तर म्हणतो, त्याचं नाव सगळ्यांसमोर जाहीर झालं पाहिजे!"

"बरोब्बर!" चाचांनी माझी पाठ थोपटली आणि तिथल्या तिथे हरकतीचं पत्र लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर पेन माझ्यापुढे धरलं. "पहिली सही जाधवांची. झाड यांच्या भिंतीला लागून. यांनाच तरास नाय तर बाकी कुनाला असनार?"

माने तिथेच उभे होते. झाडावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी आणून. मी काय करणार होतो? केली सही. चांगली ठसठशीत, पूर्ण नावाची, खाली घर नंबरासकट.

घरी आल्यावर सुनंदा म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही मानेंवर जळता. चुकलं हो माझं." आणि त्या दिवशी जेवताना तिने मला सुरमईच्या दोन तुकड्या जास्त वाढल्या. त्या मी कशा गिळल्या ते माझं मला ठाऊक!

पुढच्या आठवड्यात पाहणीला उद्यान खात्याच्या मॅडम आल्या. तरुण होत्या, शांत होत्या. काखेत फाइल, हातात मोजायची टेप. सगळी गल्ली पुन्हा मानेंच्या अंगणात. दिवाळ्याची हिराबाई कोळीण मानेंच्या पायरीवर बोंबील निवडत बसली होती. गेली वीस वर्षं ती आमच्या गल्लीत पाटी घेऊन येते.

मॅडमनी फाइल उघडली. "अर्जदार श्री. जाधव कोण?"

माझ्या कानात नुसतं गुंइं झालं. बाकीच्यांना वाटलं, हरकतीच्या पत्राबद्दलच विचारतायत. तेवढ्यात मॅडमनी दुसरा कागद काढला. "आणि हरकतीवर पहिली सही... श्री. जाधव. घर नंबरही तोच." त्यांनी मान वर केली. "या गल्लीत दोन जाधव आहेत का?"

"एकच हायत मॅडम," खतीब चाचा माझ्याकडे बघत सावकाश म्हणाले. "आनि एक पुरे हाय."

"मॅडम, त्याचं काय आहे," मी म्हणालो, "अर्ज केला तेव्हा माझं मत जरा वेगळं होतं."

"आणि हरकत घेतली तेव्हा?"

"तेव्हा... पेन समोर आलं."

सुनंदाने नुसतं माझ्याकडे बघितलं. संसाराला पंचवीस वर्षं झाली, पण तसं बघणं मी कधी अनुभवलं नव्हतं. सुरमईच्या त्या दोन तुकड्या परत मागेल की काय, असं वाटलं.

मॅडम एकेक मुद्दा वाचायला लागल्या. खोडावर मूठ आपटली, टणक आवाज आला. "पोखरलंय?"

"नाही."

"भिंतीला तडे कुठेत?"

"नाहीत."

"फळं आंबट असून कोणी खात नाही?"

मी तोंड उघडायच्या आत सुनंदा बोलली. "मॅडम, हे एका बैठकीत सात खातात."

सगळं अंगण हसलं. हसले नाहीत ते फक्त माने. ते म्हणाले, "जाऊ द्या की मॅडम. माणसाला येतो एखाद्या दिवशी राग. साहेब मनानं चांगले हायत." अहो, त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं! त्या क्षणीही मला त्यांचा हेवाच वाटला, की हा माणूस इतका चांगला कसा राहू शकतो.

एवढ्यावर संपेल असं मला वाटलं. पण मॅडमनी माझा नकाशा काढला, आमच्या मागच्या दारापासून टेप धरली, भिंतीपर्यंत मोजलं, मग भिंतीपलीकडे येऊन पुन्हा मोजलं. कपाळाला आठ्या घालून तिसऱ्यांदा मोजलं.

"जाधव, हे झाड मानेंचं नाही," त्या म्हणाल्या. "तुमची हद्द या झाडाच्या पलीकडे आहे. भिंत अडीच फूट आत आलीय. झाड तुमचं आहे."

"शक्यच नाही!" मी ओरडलो. "माझी भिंत मी कशाला आत घेईन? एवढा वेडा आहे का मी?"

हिराबाईने बोंबील खाली ठेवला. "आरे दादा, इसरलास? तूच तं घेतलीस! मी हितंच पाटी उतरवून बसली होती. रोप होता कमरेएवढा. गवंडी इचारत होता, याला आतमंदी घेऊ का भायेर? तू बोललास, भायेर काढ त्याला, रोज पाला कोन झाडनार!"

आणि मला आठवलं. सगळं आठवलं. घरात येऊन दोनेक वर्षं झालेली, गवंडी भिंतीची दोरी धरून उभा, मला कामावर जायची घाई, आणि मधे आलेलं ते रोप. ते रोप तरी कुठून आलं होतं? माझ्याच गावाहून आणलेला आंबा, आणि सुनंदाने मागे टाकलेला त्याचा बाठा! म्हणजे इतकी वर्षं मी ज्या आंब्यावर जळत होतो तो आंबा माझा, बाठा माझ्या गावचा आणि भिंतीबाहेर घालवणाराही मीच.

माने म्हणाले, "म्हणून तर दरसाल पहिले तुमच्याकडंच आणायलो होतो की साहेब. जमीन तुमची, पाणी आमचं. मला वाटलं, तुमाला ठाऊक हाय."

मला लाज वाटली. खरंच वाटली. पण खोटं कशाला बोलू, त्या लाजेच्या आत कुठेतरी उकळ्या फुटत होत्या. झाड माझं! आता मी डझनभर आंबे घेऊन मानेंच्या फाटकात उभा राहणार!

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "मालकाचाच अर्ज आहे म्हटल्यावर विचार करावा लागेल. तोडायचंय का?"

"नाही!" मी झाडाला मिठीच मारली. "माझ्या अर्जाला माझी सक्त हरकत आहे!"

पंधरा दिवसांत लेखी आदेश आला. झाड निरोगी आहे, तोडायला परवानगी नाही. मुळं भिंतीखालून गेली आहेत, म्हणून भिंतही हलवायची नाही. आणि पाचोळ्याचा रहिवाशांना अतोनात त्रास होतो असं अर्जदारानेच लेखी कळवलं असल्यामुळे, झाडाचे मालक श्री. जाधव यांनी तो स्वतः नियमित उचलावा.

तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला मी खराटा घेऊन माझ्या फाटकातून बाहेर पडतो, वळसा घालून मानेंच्या फाटकातून आत जातो आणि त्यांचं अंगण झाडतो. यंदा मे महिन्यात पहिले डझनभर आंबे मी मानेंना नेऊन दिले. गल्ली अजून मानेंचाच आंबा म्हणते.

माने झाडाखाली खुर्ची टाकून चहा पीत बसलेले असतात. मलाही कप देतात. मग अगदी मायेने म्हणतात, "साहेब, त्या कोपऱ्यात जरा राहिलंय बगा."

आणि माझ्याच झाडाच्या सावलीत आरामात बसलेल्या त्या माणसाला बघून मी असा जळतो, असा जळतो, की काय सांगू! परवा ते आत गेले तेवढ्यात मी टेप काढली आणि त्यांची खुर्ची मोजली. म्हटलं, माझ्या अडीच फुटांत येत असेल तर सरळ उठवतोच.

नाही येत. चार बोटांनी त्यांच्याच हद्दीत आहे!