मळलेलं पान

बहात्तरच्या दुष्काळानंतर मी सोलापुरात मराठीचा प्राध्यापक झालो. उत्कर्षबिंदू म्हणजे गोष्ट सगळ्यात जास्त ताणली जाते ती जागा, हे मुलांच्या गळी उतरवताना वर्ष संपायचं. नवी पेठेत वाचनालयाची पुस्तकं शिवणारे एक चाचा होते. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, पण ते ती जागा क्षणात दाखवायचे.

"हितं बगा सर. पानं लई मळलीत, दोराबी ढिला झालाय. हितं कायतरी झालंय."

मी पाहायचो, तर तिथे खून झालेला असायचा, नाहीतर ठरलेलं लग्न मोडलेलं.

एकदा मी लिहिलेली कादंबरीच वाचनालयातून त्यांच्याकडे आली. कव्हर निघालं होतं. चाचांनी पानं उलटली. चाळिसाव्या पानापर्यंत मळ होता, पुढे सगळं दुकानातून आणल्यासारखं कोरं.

चाचा म्हणाले, "तुमचं ते 'कायतरी झालंय' कुटं हाय, सर?"

"दोनशे बारावर."

त्यांनी ते पान उघडलं, खळीने आणि मळाने काळा झालेला अंगठा कोपऱ्यावर नीट दाबला आणि पुस्तक शिवायला घेतलं.

"एक माणूस तरी हितवर आला की," ते म्हणाले.