थर्माकोलमागं आली मोटारबोट

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा. चहा हातात आहे, ठसका लागला तर मी जबाबदार नाही. कारण हा मूर्खपणा कोण्या तिऱ्हाइताचा नाही, माझा स्वतःचा आहे, आणि तो मी तीनशे माणसांसमोर केलाय. बरं, तीनशे नसतील. पण बुडायची वेळ आली की काठावरची माणसं तिप्पट दिसतात!

डोणगावात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीतली, बोअरची, पिठाच्या गिरणीची, कुठलीही जळालेली मोटर आणून टाका, दुसऱ्या दिवशी गरगर फिरवून देतो. त्यामुळं ज्याच्या नावात 'मोटर' आहे ते सगळं आपल्याला येतं, असा माझा समज. बायको म्हणते, गैरसमज.

जवळच्या धरणावर मासेमारांची सोसायटी आहे. सुमनमावशी तिच्या अध्यक्ष. साठीच्या, किडकिडीत, आवाज मात्र लग्नातल्या भोंग्यासारखा. मावशी आणि सगळी मंडळी थर्माकोलच्या ठोकळ्यावर बसून, हातानं पाणी मारत जाळी टाकायला जातात. सोसायटीला कोण्या योजनेतून एक मोटारबोट मिळाली होती. पण ती चालवणारा माणूस सुरतेला गेला आणि बोट सहा वर्षं गोदामात पालथी पडली. या पावसाळ्यात वाऱ्यानं मावशींच्या मालकांचा, म्हणजे काकांचा, थर्माकोल उलटला. काका तासभर पाण्यात बुडालेल्या एका बाभळीचा शेंडा धरून होते. दुसऱ्या दिवशी मावशी तडक माझ्या दुकानात!

"प्रकाश, तुले बोटीचं इंजिन जमते काय रे?"

आता इथं 'पाहून सांगतो' म्हणायला माझ्या बापाचं काय जात होतं?

"मावशी, मोटर ते मोटर! आठ दिवसांत धरणात धूर काढतो."

इंजिनाचं झाकण उघडलं तर आत उंदरांनी कापसाची गादी घालून संसार मांडलेला. पोरंबाळं धरून अकरा! त्यांना सन्मानानं बाहेर काढलं. टाकीतल्या पेट्रोलची काकवी झालेली. स्टार्टरची दोरी हातात घेतली तर शेवईसारखी तुटली. पण खोटं नाही सांगत, मी मन लावून काम केलं. नवी दोरी ओवली, कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला, इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारा रबरी पंखा बदलला. आठव्या दिवशी इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात बुडणारा खालचा भाग, पाण्यानं भरलेल्या ड्रममध्ये सोडला, टाकीत थोडं पेट्रोल ओतलं आणि दोरी ओढली.

फर्रर्रर्र!

ड्रममधलं अर्धं पाणी माझ्या अंगावर, पण मी कुठं जमिनीवर होतो तेव्हा?

झालं. गावभर बातमी. धरणावर ही गर्दी! नारळ फुटला, डफडंवाले आले. सोसायटीचा सचिव दिनकर, माझा वर्गमित्र, मोबाइल रोखून उभा. मावशींनी एक वल्हं पुढं केलं.

"हे ठेव सोबत."

"मावशी, ट्रॅक्टरले कोणी बैल जुंपते काय?"

लोक हसले. मी अजून फुगलो. पोहता येत नाही हे फक्त बायकोला ठाऊक. तिनं सगळ्यांदेखत ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब माझ्या गळ्यातून कमरेपर्यंत उतरवली. मोदकाला कमरपट्टा घातल्यासारखा मी बोटीत बसलो.

पहिल्या झटक्यात इंजिन सुरू! बोट अशी सुसाट निघाली की काय सांगू! मी एक हात वर केला. काठावरून शिट्ट्या.

आणि धरणाच्या बरोबर मध्यात इंजिन म्हणालं, फुर्र... फुस्स... आणि गप्प.

मी दोरी ओढली. गप्प. पुन्हा ओढली. गप्प. उभा राहून, दात-ओठ खात, अंग मागं झोकून ओढायला लागलो. काठावरून ते कसं दिसलं असेल? डफडंवाल्याला वाटलं, मी नाचून राह्यलो! त्यानं ठेका धरला. मी दोरी ओढली की त्याचा 'ढँग'. लोक टाळ्या वाजवायला लागले.

मी ओरडलो, "दोर आणा! दोर!"

काठावर ऐकू गेलं, 'जोर'. शंभर जण एका सुरात, "जोर लगाके!"

शर्ट काढून हलवला. तर तिकडून पंधरा-वीस रुमाल हलायला लागले. दिनकरला फोन लावला. त्यानं कापला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला आणि खेकसला, "काऊन फोन करून राह्यला बे? शूटिंग चालू हाये! मधातच बंद पडते ना!"

"अबे, इंजिन बंद पडलं—"

त्यानं तेवढ्यात पुन्हा कापला.

इकडं वारा सुटला आणि बोट हळूहळू त्या बुडालेल्या बाभळींकडं सरकायला लागली. काका जिथं अडकले होते, तिथंच! पहिला काटा ट्यूबला लागला. सूंऽऽ करत ट्यूब बसायला लागली. तोंडातून देवाचं नाव निघावं की नाही? निघालं, "मावशीऽऽ!"

त्या काठावर डोळ्यांवर हात आडवा धरून बघत उभ्या होत्या. नंतर कळलं, त्या म्हणाल्या होत्या, "अवो, थांबवा तो बाजा! बोटीमांगं फेस दिसून नाई राह्यला. पोरगं अडकलं."

थर्माकोलवर बसून, सपासप हात मारत मावशी आल्या. बोटीची दोरी स्वतःच्या कमरेला बांधली आणि वळल्या. पुढं थर्माकोलवर साठीची बाई, मागं मोटारबोट, आणि बोटीत सपाट ट्यूब घालून, शर्ट हातात घेऊन बसलेला मेकॅनिक! आणि दिनकरचं शूटिंग आता कुठं रंगात आलेलं.

काठावर मावशींनी पेट्रोलची टाकी निरखली.

"झाकणावरचा हा स्क्रू कायचा?"

"हवा जायचा. पेट्रोल सांडू नाई म्हणून मीच पक्कडीनं आवळला सकाळी."

"मंग ड्रमात कशी चालली?"

"तवा झाकणच नोतं लावलं."

मावशींनी स्क्रू सैल केला. टाकीनं कोंडलेल्या माणसासारखा श्वास घेतला. त्यांनी दोरीला एक झटका दिला. एकच! फर्रर्रर्र!

मावशींनी माझ्याकडं पाहिलं.

"काऊन रे प्रकाश, तेलाच्या डब्याले एकच भोक पाडलं तं तेल पडते काय? दुसरं पाडा लागते ना हवेले!"

उत्तर मागून आलं, माझ्या बायकोचं.

"यायले काय ईचारता मावशी? घरी डबा मलेच फोडा लागते!"